देव्हारा, बाजार आणि लिंकन

मराठी प्रेक्षकाच्या डोक्यात राजकारणावरच्या चित्रपटांसाठी दोन वेगळे खण असतात. पहिल्या खणात ‘सिंहासन’ (१९७९) आहे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी ती पडद्यावर आणली. सत्तेतली माणसे कशी जुळतात, कशी फुटतात, कोण कोणत्या खुर्चीच्या बदल्यात गप्प बसतो, याचा तो चित्रपट. त्यातली माणसे कल्पित आहेत आणि त्यांच्यात वंदनीय कोणी नाही. हे सारे जवळून पाहणाऱ्या पत्रकार दिगू टिपणीसचे अखेर भान सुटते, आणि आपणही तेवढेच सुन्न होऊन बाहेर पडतो. दुसऱ्या खणात थोरांचे चरित्रपट. तिथला नायक सभेत बोलतो, तुरुंगात जातो, त्याग करतो आणि लोक त्याच्या मागे चालू लागतात. बोटे मोडत मते मोजताना तो सहसा दिसत नाही. थोडक्यात, एका खणात बाजार आहे आणि दुसऱ्यात देव्हारा. दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘लिंकन’ (२०१२) पाहताना मला जो सुखद धक्का बसला, तो या मांडणीलाच बसलेला धक्का होता. अमेरिकेच्या सार्वजनिक देव्हाऱ्यातली सर्वांत मोठी मूर्ती या चित्रपटाने उचलली आणि थेट बाजारात नेऊन बसवली. तिथे ती भाव करते, अर्धसत्य बोलते, नोकऱ्या वाटायला माणसे पाठवते. तरीही तिचे मोठेपण उणावत नाही. उलट ते आपल्याला पहिल्यांदा नीट दिसते. हे कसे साधले, त्यात काय निसटले आणि आपल्याकडे असा चित्रपट का होत नाही, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे.

अपेक्षा कमी का होती

हा चित्रपट २०१३च्या फेब्रुवारीत भारतात लागला. माझी अपेक्षा बेताची होती आणि तिला कारणे होती. स्पीलबर्ग यांनी गुलामगिरीच्या विषयाला आधी ‘अमिस्टाड’मध्ये (१९९७) हात घातला होता. पळवून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या खटल्याची ती कथा. तिचा शेवट एका वृद्ध गोऱ्या मुत्सद्द्याच्या लांबलचक भाषणात होतो आणि जॉन विल्यम्स यांचे संगीत प्रेक्षकाला कुठे गहिवरायचे ते सांगत राहते. ‘लिंकन’च्या आदल्याच वर्षी आलेला ‘वॉर हॉर्स’ तर सूर्यास्त आणि अश्रू यांनी ओथंबलेला होता. अशा दिग्दर्शकाच्या हाती लिंकनचे चरित्र म्हणजे लाकडी झोपडीपासून नाट्यगृहातल्या गोळीपर्यंतची आरतीच होणार, असा हिशेब होता.

शिवाय लिंकन हा सिनेमाचा जुना नायक. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९३० साली त्याच्यावर बोलपट काढला, जॉन फोर्ड यांनी १९३९ साली तरुण वकील लिंकन रंगवला. नव्याने सांगण्यासारखे काही उरले असेल, असे वाटण्याजोगे कारण नव्हते.

चित्रपटाला आधार होता डॉरिस कर्न्स गुडविन यांच्या ‘टीम ऑफ रायव्हल्स’ या २००५च्या ग्रंथाचा. हा ग्रंथ नऊशेहून अधिक पानांचा आहे आणि लिंकनने आपल्याच प्रतिस्पर्ध्यांना मंत्रिमंडळात कसे घेतले, हा त्याचा विषय. पटकथाकार होते नाटककार टोनी कुशनर. त्यांचा पहिला खर्डा सुमारे पाचशे पानांचा झाला. मग त्यातले जवळजवळ सगळे बाजूला ठेवून त्यांनी आणि स्पीलबर्ग यांनी एकच महिना उचलला, जानेवारी १८६५. गुडविन यांच्या ग्रंथात ज्या घटनेला मोजकीच पाने मिळाली आहेत, तीच अडीच तासांच्या चित्रपटाचा गाभा झाली. ती घटना म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती, गुलामगिरी बंद करणारी.

हा निर्णय नाटककाराचा आहे. चरित्रकार माणसाचे आयुष्य मागतो, नाटककार त्याची कोंडी शोधतो.

दोन तृतीयांशाचे गणित

कोंडी काय होती, हे आधी स्पष्ट करायला हवे, कारण चित्रपट ते फार भराभर सांगतो. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३चा. तो फक्त बंडखोर राज्यांना लागू होता आणि युद्धकाळातल्या अधिकारात काढलेला होता. युद्ध संपले की न्यायालय त्याचे काय करील, याची खात्री नव्हती. म्हणून घटनेतच बदल हवा होता. सिनेटने ८ एप्रिल १८६४ रोजी ३८ विरुद्ध ६ मतांनी दुरुस्ती मंजूर केली. प्रतिनिधिगृहात मात्र १५ जूनला ती पडली. बाजूने ९३, विरोधात ६५. साधे बहुमत होते. लागणारे दोन तृतीयांश नव्हते.

नोव्हेंबर १८६४च्या निवडणुकीत लिंकन पुन्हा निवडून आला आणि त्याच्या रिपब्लिकन पक्षाच्या जागा वाढल्या. पण नवे सभागृह नेहमीच्या क्रमाने डिसेंबर १८६५मध्येच बसायचे होते. थांबले असते तर दुरुस्ती सहज झाली असती, असे कोणीही म्हणेल. चित्रपटातला लिंकन थांबायला तयार नाही, कारण दक्षिणेचे तहाचे दूत निघाले आहेत. युद्ध आधी थांबले, तर गुलामगिरी संपवण्याची घाई कोणालाच राहणार नाही. तह आणि मुक्ती यांत लोक तह निवडतील. म्हणून जुन्याच सभागृहाकडून, म्हणजे ज्यातले कित्येक विरोधक निवडणूक हरून घरी जायच्या तयारीत आहेत अशा सभागृहाकडून, ती करून घ्यायची.

इथेच चित्रपट मला पकडून बसला. हरलेला पण अजून खुर्चीवर असलेला सदस्य हा लोकशाहीतला विलक्षण प्राणी आहे. त्याला मतदारांची भीती उरलेली नसते आणि पुढच्या महिन्याच्या पगाराची चिंता असते. त्याला विवेकाच्या मार्गाने गाठता येते आणि पोटाच्या मार्गानेही. लिंकन दोन्ही वाटांनी माणसे पाठवतो.

३१ जानेवारी १८६५ रोजी निकाल लागला तो ११९ विरुद्ध ५६ असा. आठ सदस्य गैरहजर. हे आकडे कागदावर मांडून पाहावेत. मत देणारे १७५, त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ११७. दुरुस्ती अवघ्या दोन मतांच्या फरकाने तरली. ते आठही जण येऊन विरोधात बसले असते, तर १८३ मतांचे दोन तृतीयांश १२२ झाले असते आणि ११९ अपुरे पडले असते. म्हणजे ज्यांनी बाजूने मत दिले त्यांच्याइतकेच, जे त्या दिवशी घरी राहिले त्यांनीही ते घडवले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात गैरहजेरीला जागा नसते. या चित्रपटात आहे.

बाजार कसा दाखवला

परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड तीन दलाल नेमतो. बिल्बो, लेथम आणि शेल. हे तिघे मळक्या कपड्यांत खाणावळींतून, सभागृहाच्या जिन्यांवरून, अंगणांतून हरलेल्या सदस्यांच्या मागे फिरतात. कुणाला पोस्टमास्तरची जागा, कुणाला करवसुलीची. एक सदस्य तर बंदूक रोखतो. जेम्स स्पेडर यांनी बिल्बो असा साकारला आहे की तो पडद्यावर आला की प्रेक्षागृहात हसू उमटते. आपण हसतो आणि मग लक्षात येते की आपण लाच देणाऱ्याच्या बाजूने हसलो.

त्याच वेळी वृद्ध प्रेस्टन ब्लेअर आपल्या गटाची मते देण्याचे कबूल करतो, पण बदल्यात तहाच्या बोलण्यासाठी दक्षिणेच्या राजधानीत जाण्याची परवानगी मागतो. म्हणजे एका गटाची मते मिळवण्यासाठी लिंकनला तीच गोष्ट सुरू करावी लागते, जिच्यामुळे दुसऱ्या गटाची मते जाण्याचा धोका आहे. ‘सिंहासन’ मनापासून पाहिलेल्या कुणालाही ही गाठ ओळखीची वाटेल. फरक इतकाच की तिथे गाठीच्या टोकाला खुर्ची होती आणि इथे चाळीस लाख माणसांची सुटका आहे.

केंटकीचे सदस्य जॉर्ज यीमन यांचा प्रसंग यासाठी पाहण्यासारखा आहे. गुलामगिरी वाईट हे त्यांना पटते, पण सुटलेल्या माणसांचे पुढे काय, याची त्यांना धास्ती आहे. लिंकन त्यांच्याशी एकांतात बोलतो. त्यात आमिष नाही, फक्त समजूत आहे. प्रत्यक्षातल्या यीमन यांनी दुरुस्तीच्या बाजूने मत दिले आणि त्याच वर्षी ते डेन्मार्कमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. चित्रपट हा पुढचा धागा उलगडत नाही. तो उलगडला असता तर प्रसंगाची धार वाढली असती, असे मला वाटते. समजूत कुठे संपते आणि सौदा कुठे सुरू होतो, याची रेघ प्रत्यक्षात इतकी अस्पष्ट असते.

डॅनिअल डे-लुईस यांनी लिंकनला दिलेला आवाज हा या साऱ्याचा पाया आहे. पुतळ्यांमुळे आपल्याला लिंकनचा आवाज खर्जातला असावा असे वाटते. त्याला ऐकलेल्यांनी तो उंच पट्टीचा आणि किरकिरा असल्याचे लिहून ठेवले आहे. डे-लुईस तोच आवाज लावतात. खांदे पाडून, पाय ओढत चालतात. आणि ऐन तातडीच्या क्षणी गावाकडची एखादी गोष्ट सांगू लागतात. युद्धमंत्री स्टँटन वैतागून उठून जातो. गोष्टी सांगणे ही या लिंकनची लकब आहे आणि हत्यारही. समोरचा गोष्टीच्या शेवटाची वाट पाहत असतो, तोवर लिंकन त्याला जोखून घेतो. या भूमिकेने डे-लुईस यांना तिसरे ऑस्कर मिळाले. प्रमुख अभिनेत्याच्या गटात तीन ऑस्कर मिळवणारे ते पहिलेच.

दोन असत्ये

चित्रपटाचा कणा म्हणजे दोन माणसांनी बोललेली दोन असत्ये. एक लिंकनचे, एक थॅडियस स्टीव्हन्सचे.

मतदानाच्या दिवशी सभागृहात कुजबूज उठते की तहाचे दूत वॉशिंग्टनमध्ये आले आहेत. ते खरे असेल तर मतदान पुढे ढकला, अशी मागणी होते. निरोप्या धावत लिंकनकडे जातो. लिंकन चिठ्ठी लिहितो: माझ्या माहितीप्रमाणे शहरात असे दूत नाहीत आणि येण्याचा संभवही नाही. अक्षरशः हे खरे होते, कारण दूतांना शहरात आणायचेच नाही असे त्याने ठरवले होते. त्यांना दूर व्हर्जिनियाच्या किनाऱ्याकडे थोपवले होते आणि ३ फेब्रुवारीला हॅम्प्टन रोड्स इथे बोटीवर तो स्वतः त्यांना भेटला. ही चिठ्ठी कुशनर यांच्या कल्पनेतली नाही. ती इतिहासात आहे.

हे दृश्य पाहताना मराठी माणसाला ‘नरो वा कुंजरो वा’ आठवल्यावाचून राहणार नाही. अश्वत्थामा मारला गेला, हे युधिष्ठिराने मोठ्याने सांगितले आणि माणूस की हत्ती हे पुटपुटत सांगितले. त्या क्षणी जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. व्यासांनी त्या असत्याची किंमत लगेच दाखवली. स्पीलबर्ग यांचा रथ खाली टेकत नाही. चिठ्ठी सभागृहात वाचली जाते, मतदान होते, घंटा वाजतात. युधिष्ठिराने गुरूला मारण्यासाठी शब्द वाकवले. लिंकनने माणसांना सोडवण्यासाठी. पण शब्द वाकवलेच. चित्रपटाने तिथे क्षणभर अधिक रेंगाळायला हवे होते. लिंकन चिठ्ठी देतो तेव्हा डे-लुईस यांच्या चेहऱ्यावर एक थकवा आहे. तेवढाच टेकलेला रथ आपल्या वाट्याला येतो.

दुसरे असत्य मला अधिक मोलाचे वाटते. पेनसिल्व्हेनियाचे थॅडियस स्टीव्हन्स हे रिपब्लिकनांतले सर्वांत कडवे समतावादी. काळा आणि गोरा यांत कसलाच भेद मानू नये, हे त्यांचे उभ्या आयुष्याचे म्हणणे. विरोधकांचा डाव असा की त्यांना सभागृहात तेच म्हणायला लावायचे, म्हणजे काठावरचे सदस्य घाबरून पळतील. टॉमी ली जोन्स यांचे स्टीव्हन्स उठतात, ओठ चावतात आणि म्हणतात की सर्व बाबतींतली समता माझ्या मनात नाही, फक्त कायद्यापुढची समता आहे. त्या महिन्यात स्टीव्हन्स सभागृहात खरोखर अशाच अर्थाचे बोलले होते. वरच्या सज्जात बसलेली लिंकनच्या पत्नीची सोबतीण एलिझाबेथ केकली हे ऐकते आणि उठून जाते.

केकलीचे ते उठून जाणे मला या चित्रपटातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. ज्यांच्यासाठी तडजोड करायची, त्यांना ती कानांनी ऐकावी लागते. स्टीव्हन्सनी आयुष्यभर सांभाळलेले वाक्य गिळले आणि कायदा मिळवला. केकलीने तो कायदा मिळण्यासाठी आपला अपमान ऐकून घेतला. पहिल्याची किंमत चित्रपट भाषणाने सांगतो, दुसरीची एका रिकाम्या खुर्चीने.

स्टीव्हन्सच्या बाबतीत या चित्रपटाने एक जुना हिशेबही चुकता केला आहे. ग्रिफिथ यांच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मध्ये (१९१५) ऑस्टिन स्टोनमन नावाचा खलनायक आहे. तो स्टीव्हन्सवरून बेतलेला. त्याच्या घरची मिश्रवंशीय घरकरीण लिडिया ही त्याला भुलवून देशाचा नाश घडवणारी म्हणून रंगवली आहे. प्रत्यक्षात स्टीव्हन्स यांच्या घराचा कारभार लिडिया हॅमिल्टन स्मिथ ही मिश्रवंशीय स्त्री पाहत असे. कुशनर यांनी या दोघांच्या नात्याविषयीची जुनी वदंता खरी मानली आहे. मतदान झाल्यावर स्टीव्हन्स दुरुस्तीचा मूळ कागद घरी आणतात आणि लिडियाच्या हाती देतात. ती तो अंथरुणात बसून मोठ्याने वाचते. कागद घरी नेणे हे कल्पित आहे. पण ९७ वर्षांपूर्वी सिनेमानेच ज्या स्त्रीला विषकन्या केले होते, तिच्या तोंडून सिनेमाने मुक्तीचा मजकूर वाचून घेतला, याला मी कलेतला न्याय म्हणेन.

ती वाचते त्या मजकुरात एक पोटवाक्य आहे. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सोडून इतर कोणत्याही रूपात गुलामगिरी राहणार नाही, असे. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी याच फटीचा आधार घेऊन काळ्या माणसांना किरकोळ गुन्ह्यांवरून तुरुंगात घातले आणि कैदी म्हणून मळ्यांना, खाणींना भाड्याने दिले. चित्रपट त्यावर काही बोलत नाही. मजकूर मात्र पूर्ण वाचतो.

आक्षेप आणि त्यांचे वजन

चित्रपटावर अमेरिकेत गंभीर आक्षेप घेतले गेले आणि ते बाजूला सारून चित्रपटाचे कौतुक करणे मला गैर वाटते.

इतिहासकार केट मझूर यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले की यातली काळी माणसे नुसती वाट पाहत उभी असतात. केकलीने प्रत्यक्षात १८६२मध्ये वॉशिंग्टनमध्ये आलेल्या निर्वासित मुक्त गुलामांसाठी मदत संस्था उभी केली होती. लिंकनचा सेवक विल्यम स्लेड हाही तिथल्या काळ्या समाजाचा पुढारी होता. चित्रपटात ती शिवणकाम करते आणि तो कोट-हातमोजे देतो. फ्रेडरिक डग्लस यांच्याशी लिंकनची भेट एकदा नव्हे, तीनदा झाली होती. चित्रपटात ते नाहीतच. एरिक फोनर यांनी दाखवून दिले की या दुरुस्तीमागे स्त्रियांच्या संघटनेने गोळा केलेल्या सुमारे चार लाख सह्या होत्या. शिवाय संघराज्याच्या फौजेत सुमारे १,८०,००० काळे सैनिक लढत होते आणि मळ्यांतून पळालेल्या माणसांनी गुलामगिरी जमिनीवर आधीच खिळखिळी केली होती. सभागृहाने त्या वस्तुस्थितीवर शिक्का मारला.

दुसरा आक्षेप कनेक्टिकट राज्याचा. चित्रपटात तिथले दोन सदस्य विरोधात मत देताना दाखवले आहेत. प्रत्यक्षात चौघांनीही बाजूने मत दिले होते. तिथल्या एका विद्यमान लोकप्रतिनिधीने हे जाहीरपणे दाखवून दिले, तेव्हा कुशनर यांनी बदल मान्य केला आणि निकाल किती अटीतटीचा होता हे कळावे म्हणून तो केल्याचे सांगितले. मला हे समर्थन पटत नाही. ज्या चित्रपटाचा सगळा जीव मतांच्या मोजणीत आहे, त्याने मत बदलू नये. कादंबरीत राजाचे नाव बदलले तर चालते. हिशेबाच्या वहीवरच्या नाटकात आकड्याला हात लावणे म्हणजे स्वतःच्याच पायाखालची फरशी काढणे.

पहिल्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते शोधताना मला पुण्यात यावे लागले.

पुण्याहून गेलेली अर्पणपत्रिका

अमेरिकेचे यादवी युद्ध आपल्याकडे दोन वाटांनी पोचले. मुंबईला ते कापसाच्या गाठींतून पोचले. दक्षिणेचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्यांनी इकडचा माल उचलला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून पेढ्या बुडाल्या. लिंकनचा विजय हा मुंबईच्या शेअरबाजारासाठी आकांत होता.

पुण्याला ते वेगळ्या वाटेने पोचले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक छापले आणि ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केले. गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष, स्वार्थत्यागी वृत्तीचा गौरव म्हणून. आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा या इच्छेने. दुरुस्ती होऊन आठ वर्षेही पुरती झाली नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन झाला.

या अर्पणपत्रिकेत लिंकनचे नाव नाही, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. जोतीरावांनी श्रेय लोकांना दिले. मझूर आणि फोनर यांनी २०१२मध्ये जे म्हटले, त्याच्या जवळ जाणारे काहीतरी एका मराठी माणसाने १८७३मध्ये पुस्तकाच्या पहिल्या पानावर केले होते. अर्थात त्यांच्या नजरेसमोरचे सज्जन मुख्यतः गुलामांसाठी झटणारे गोरे लोक असावेत. केकली, डग्लस आणि ते लाखो सैनिक या अर्पणपत्रिकेतही स्पष्ट दिसत नाहीत. तरी दिशा महत्त्वाची. सुटका हे एका माणसाचे दान नसते, तो एका समाजाने स्वतःवर केलेला प्रयोग असतो, ही समज त्या अर्पणपत्रिकेत आहे आणि चित्रपटात ती अर्धीच आली आहे.

म्हणून ‘लिंकन’ पाहावा तो ‘गुलामगिरी’ शेजारी ठेवून, असे मी सुचवतो. एक सांगते कोणी सोडवायचे. दुसरा सांगतो सोडवताना सभागृहात काय काय करावे लागते.

आपल्याकडचा न झालेला चित्रपट

आता सुरुवातीच्या दोन खणांकडे येतो. ‘सिंहासन’ करणाऱ्या जब्बार पटेलांनीच पुढे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट केला. ममूटींची भूमिका, पुणे कराराचा ताण, गांधींशी झालेला सामना, हे सारे त्यात आहे आणि तो नुसता आरतीचा चित्रपट नाही. पण त्याला एक पूर्ण आयुष्य पेलायचे होते. कुशनर यांच्यासारखा एकच महिना कोणी उचलला तर? तो महिना समोर आहे: सप्टेंबर १९५१.

हिंदू कोड बिल. हंगामी संसद, तोंडावर आलेली पहिली सार्वत्रिक निवडणूक, राष्ट्रपतींचा विरोध, पंतप्रधानांची चलबिचल, पक्षातल्या सनातन्यांची कुरकुर आणि कायदामंत्री म्हणून एकेक कलम लढवणारे आंबेडकर. चार कलमे मंजूर झाली आणि बिल गुंडाळले गेले. २७ सप्टेंबरला आंबेडकरांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरात त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निवेदनात काँग्रेसच्या मुख्य प्रतोदाविषयी आणि त्याला पाठीशी घालणाऱ्या पंतप्रधानांविषयीचे बोचरे शब्द आहेत. म्हणजे आंबेडकरांनी स्वतःच आपल्याला सांगून ठेवले आहे की घाव मोजणीच्या जागी बसला.

वॉशिंग्टन आणि दिल्ली यांच्यातला फरक मला या चित्रपटामुळे दिसला. दोन्ही सभागृहे मावळती होती. पण तिथे निवडणूक होऊन गेली होती, त्यामुळे हरलेल्यांना गमावण्यासारखे काही नव्हते. इथे निवडणूक पुढे होती, त्यामुळे प्रत्येकाला गमावण्यासारखे सगळे होते. तिथल्या अध्यक्षाने युद्धाच्या धामधुमीत ती वेळ अचूक हेरली आणि आपली सगळी पुण्याई पणाला लावली. इथल्या पंतप्रधानांनी वेळ टळू दिली आणि निवडणूक जिंकल्यावर १९५५-५६मध्ये तेच काम चार कायद्यांत तुकड्यातुकड्याने केले. त्यांचे चुकले की बरोबर, यावर अजून वाद घालता येतो. बिल मांडणारा माणूस मात्र तोवर मंत्रिमंडळाबाहेर गेला होता.

या महिन्यावर आपल्याकडे चित्रपट होत नाही, कारण तो कोणत्याच खणात बसत नाही. त्यात नेहरूंना ‘सिंहासन’मधल्या माणसांसारखे वागताना दाखवावे लागेल आणि तरी त्यांना खलनायक करता येणार नाही. आंबेडकरांना मते मोजताना, मोजून हरताना दाखवावे लागेल आणि तरी त्यांचे मोठेपण झळकायला हवे. आपण मोठ्या माणसांना हिशेबाच्या वहीपासून दूर ठेवतो, आणि मग हिशेबाची वही उरते ती फक्त लहान माणसांच्या हाती. राजकारण म्हणजे चिखल, हे वाक्य आपल्या घराघरांत इतके सहज बोलले जाते, त्याला आपले हे दोन खणही जबाबदार आहेत.

‘लिंकन’ निर्दोष नाही. सुरुवातीला सैनिक अध्यक्षांना त्यांचेच भाषण पाठ म्हणून दाखवतात, ते शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभले असते. तरी त्याच दृश्यात एक काळा सैनिक आधी पगाराचा हिशेब विचारतो आणि मताचा अधिकार कदाचित शंभर वर्षांनी मिळेल, असे टोचून बोलतो. मतदान हक्काचा कायदा झाला १९६५मध्ये. तो सैनिक साकारणारे डेव्हिड ओयेलोवो दोन वर्षांनी ‘सेल्मा’ चित्रपटात त्याच हक्कासाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग झाले. शेवटही लांबला आहे. संध्याकाळी नाटकाला निघालेला लिंकन दालनातून चालत जातो आणि स्लेड त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहतो, तिथे चित्रपट संपतो. त्यानंतर स्पीलबर्ग यांना राहवत नाही. मृत्यूशय्या येते, ज्योत येते, भाषण येते. देव्हारा परत मांडला जातो.

पण त्याआधी एक दृश्य आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी लिंकन आणि स्टीव्हन्स बोलत उभे आहेत. लिंकन त्यांना समजावतो की होकायंत्र उत्तर दाखवते, पण वाटेतली दलदल आणि दरी दाखवत नाही. फक्त सुईकडे पाहत सरळ चालणारा माणूस दलदलीत बुडाला, तर उत्तर ठाऊक असून काय उपयोग? स्टीव्हन्सना ते पूर्ण पटत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. त्यांचा संशयही रास्त आहे, कारण दलदल चुकवत चालणारे किती जण पुढे दिशाच विसरतात, हे त्यांनी पाहिलेले आहे. चित्रपट दोघांनाही ओट्यापाशी तसेच उभे ठेवतो आणि निवाडा देत नाही. आपल्या पडद्यावर अशा दोन माणसांना एकाच खोलीत उभे करणारा चित्रपट ज्या दिवशी येईल, त्या दिवशी आपले दोन खण एक झाले असे मी मानेन.